पाच पोर्टचा की आठ पोर्टचा? छोट्या ऑफिससाठी साधा नेटवर्क स्विच

वहीखाते (प्रश्न)

नमस्कार मंडळी.

मी हिशेब लिहिण्याचं काम करते. घराच्याच मागच्या खोलीत ऑफिस आहे, माझ्यासोबत दोघं जणं काम करतात. इंटरनेटचा राऊटर बाहेरच्या खोलीत आहे आणि त्याचे चारही लॅन पोर्ट भरले आहेत: एकात टीव्ही, एकात प्रिंटर, एकात फाइली ठेवायचा दोन डिस्कचा नॅस आणि एकातून भिंतीतली केबल माझ्या टेबलापर्यंत येते. बाकीचे दोन डेस्कटॉप सध्या वायफायवर चालतात. सगळ्या हिशेबाच्या फाइली नॅसवर आहेत. दोघांनी एकदम मोठी फाइल उघडली की तिसऱ्याने हात बांधून बसायचं, अशी गत आहे.

म्हणून ऑफिसात स्विच, म्हणजे एका केबलवर अनेक यंत्रं जोडायचा डबा, बसवायचं ठरवलंय. इंटरनेटचा प्लॅन २०० एमबीपीएसचा आहे. भिंतीतल्या केबलवर कॅट ५ई असं छापलंय आणि ती एकच आहे, दुसरी ओढायची तर भिंत फोडावी लागेल. पुढे दारावर दोन कॅमेरे लावायचाही विचार आहे.

माहितीपत्रकं वाचली आणि जास्तच गोंधळले. स्विचिंग कपॅसिटी १६ जीबीपीएस, फॉरवर्डिंग रेट ११.९ एमपीपीएस, मॅक टेबल ४के, जम्बो फ्रेम, आयजीएमपी स्नूपिंग. यातलं माझ्या कामाचं काय? पाच पोर्टचा पुरेल की आठचा? एका नातेवाइकांकडे १०० एमबीपीएसचा जुना स्विच पडून आहे, तो चालेल का? मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) घ्यावा का? आणि कंपनी कोणती?

---

रात्रपाळी

आठ पोर्टचा, गिगाबिट (१००० एमबीपीएसचा), अनमॅनेज्ड, धातूच्या डब्याचा. यापलीकडे विचार करू नका. जुना १०० वाला परत देऊन टाका.

---

तारकरी

रात्रपाळी यांनी दिलेलं उत्तर बरोबर आहे, पण ते बरोबर का हे कळलं तर पुढच्या वेळी तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही. लहान ऑफिसांमध्ये केबल ओढण्याचं आणि नेटवर्क उभं करण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि कागदावर दोन खोल्या काढा. कुठली वस्तू कुठे आहे, कुठली तार कुठून कुठे जाते, सगळं मांडा. स्विच त्या कागदावर ठरतो.

तुमच्या कागदावर मला पहिली दिसते ती नॅसची जागा. तो आत्ता बाहेर राऊटरपाशी आहे. स्विच ऑफिसात आणि नॅस बाहेर अशी मांडणी केलीत, तर तिन्ही संगणकांची प्रत्येक फाइल त्या एकाच भिंतीतल्या केबलमधून जाणार. इंटरनेटही तिथूनच. तिघांनी एकदम काम काढलं की ती एक केबल तिघांत वाटली जाईल. नॅस आणि प्रिंटर ऑफिसात आणून नव्या स्विचला लावले तर फाइलींची सगळी ये-जा स्विचच्या आतल्या आत होते, आणि भिंतीतल्या केबलवर उरतं फक्त इंटरनेट. स्विचचा खरा उपयोग हाच. एका पोर्टवरून दुसऱ्या पोर्टवर जाणारा डेटा तिसऱ्याच्या वाटेत येत नाही. पहिल्या संगणकाने नॅसवरून फाइल घ्यावी आणि त्याच वेळी दुसऱ्याने प्रिंटरला पानं पाठवावीत, दोघांनाही पूर्ण वेग मिळतो.

पूर्वी हब असायचे त्यांत हे होत नसे. हब म्हणजे चावडीवर उभं राहून केलेला पुकारा, काम एकाशी असलं तरी ऐकायचं सगळ्यांनी. दोघं एकदम बोलले की टक्कर, आणि दोघांनीही पुन्हा पाठवायचं. स्विच प्रत्येक चौकटीवरचा (डेटाच्या तुकड्यावरचा) पाठवणाऱ्याचा मॅक पत्ता (यंत्राचा ओळख-क्रमांक) वाचतो, तो कुठल्या पोर्टवरून आला हे आपल्या टेबलात लिहून ठेवतो आणि पुढे त्या पत्त्याचा डेटा त्याच पोर्टला देतो. पत्ता ओळखीचा नसेल तेवढ्या वेळेपुरता तो सगळीकडे पाठवतो, उत्तर आलं की शिकतो. इथरनेटचा असा पहिला स्विच १९९० मध्ये कल्पना नावाच्या कंपनीने बाजारात आणला, सात पोर्टचा. पुढे १९९४ मध्ये सिस्कोने ती कंपनी विकत घेतली. तुम्ही घ्याल त्या छोट्या डब्यात मूळ काम आजही तेच चालतं.

आता मोजा. तीन संगणक, एक प्रिंटर, एक नॅस आणि एक पोर्ट राऊटरकडे जाणाऱ्या तारेला. हा शेवटचा पोर्ट लोक हमखास विसरतात. झाले सहा. पाच पोर्टचा स्विच इथेच बाद होतो. आठच्यात दोन मोकळे राहतात, आणि एवढे मोकळे हवेतच. कुणाचा लॅपटॉप येतो, वेगळा वायफाय अॅक्सेस पॉइंट लावावासा वाटतो. पोर्ट कमी पडले म्हणून एका स्विचला दुसरा, त्याला तिसरा लटकवलेली टेबलं मी पुष्कळ बघतो. चालतं तेही, पण बिघाड शोधताना जीव मेटाकुटीला येतो.

१०० वाला नको. तुमच्या प्लॅनला तो पुरणार नाहीच, पण तुम्हाला खरा फटका नॅसवर बसेल. १०० च्या पोर्टवर प्रत्यक्षात सेकंदाला ११-१२ मेगाबाइट मिळतात, गिगाबिटवर ११० च्या आसपास. दहा गिगाबाइटचा बॅकअप पहिल्यावर साधारण चौदा मिनिटं घेईल, दुसऱ्यावर दीड. तांब्याच्या तारेवरच्या गिगाबिटचं मानक १९९९ मध्ये आलं. आज नवीन १०० चा स्विच घेण्याचं काहीच कारण उरलेलं नाही. खोक्यावर १०/१००/१००० असं तिन्ही लिहिलेलं बघा. नुसतं १०/१०० असेल तर खाली ठेवा, मग नावात सुपर, फास्ट काहीही असो.

एक शंका तुम्हाला येईलच म्हणून आधीच सांगतो. तुमचा प्रिंटर बहुधा १०० चाच असेल. त्याने बाकीच्यांचा वेग कमी होत नाही. प्रत्येक पोर्ट आपल्यासमोरच्या वस्तूशी स्वतंत्रपणे वेग ठरवतो.

माहितीपत्रकातल्या आकड्यांचं म्हणाल तर ते आकडे बघून स्विच निवडण्यात अर्थ नाही, कारण आठ पोर्टच्या कुठल्याही धड गिगाबिट स्विचवर तुम्हाला तेच दिसतील. आठ पोर्ट, प्रत्येकी १ गिगाबिट, जाणारं आणि येणारं मिळून दुप्पट, म्हणून १६. आणि ११.९ कसा येतो? इथरनेटची सगळ्यात छोटी चौकट ६४ बाइटची, तिच्या आधीची ८ बाइटची पूर्वखूण आणि नंतरची १२ बाइटची मोकळी जागा धरून ८४ बाइट, म्हणजे ६७२ बिट. एका गिगाबिटला ६७२ ने भागा, सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार चौकटी येतात. गुणिले आठ, ११.९ दशलक्ष. याचा अर्थ एवढाच की आठही पोर्ट भरून वाहत असले तरी स्विच मागे पडत नाही. तुम्ही हिशेबातल्या आहात, हा गुणाकार स्वतः करून बघा. पाच पोर्टच्या खोक्यावर १० आणि ७.४४ का असतं तेही कळेल.

मॅक टेबल ४के म्हणजे चार हजारांवर पत्ते लक्षात ठेवायची जागा. तुमच्याकडे सगळं धरून वीसही व्हायचे नाहीत. जम्बो फ्रेमला (नेहमीपेक्षा मोठ्या चौकटींना) हातच लावू नका. ती वापरायची तर वाटेतल्या प्रत्येक उपकरणावर सारखी ठरवावी लागते आणि एखादं राहिलं की अर्धवट उघडणारी पानं नि अडकणाऱ्या फाइली नशिबी येतात. आयजीएमपी स्नूपिंगचा उपयोग टीव्हीची वाहिनी नेटवर्कवरून मल्टिकास्टने (एकच प्रवाह अनेकांना) येत असेल तर होतो, नाहीतर असलं काय नसलं काय.

डबा मात्र धातूचा घ्या, हे माझं ठाम मत. उष्णता बाहेर पडते आणि मागच्या भोकांतून भिंतीला स्क्रूवर नीट टांगता येतो. प्लास्टिकचे हलके डबे ताठ केबलच्या ओढीने टेबलाच्या कडेला लोंबकळतात आणि एक दिवस कुणाच्या तरी पायात येतात. पंखा नसलेलाच घ्या, आठ पोर्टला पंखा लागत नाही. त्याला बंद ड्रॉवरमध्ये कोंबू नका.

कंपनीबद्दल. टीपी-लिंक, डी-लिंक, नेटगिअर, जो सहज मिळेल तो. या वर्गातल्या साध्या स्विचमध्ये चिप मोजक्याच निर्मात्यांच्या असतात. वॉरंटी किती वर्षांची ते बघा आणि अडॅप्टर कसा आहे ते बघा. छोट्या स्विचच्या बाबतीत स्विचच्या आधी त्याचा अडॅप्टर जातो हा माझा अनुभव आहे. नवा लावताना व्होल्टेज तेच हवं, अॅम्पिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनची ध्रुवता तीच. आत्ताच अडॅप्टरवर चिठ्ठी चिकटवून स्विचचं नाव लिहून ठेवा.

कॅमेऱ्यांचं वेगळं लिहितो. ते कुठे लागणार आणि त्यांची नोंद कशावर होणार, तेवढं सांगा.

---

संगणककक्ष

तारकरी यांच्याशी बहुतेक सहमत, पण मॅनेज्डचा मुद्दा त्यांनी सोडून दिला. मी एका शाळेचं नेटवर्क सांभाळतो. तुमच्याकडे दुसऱ्यांचे हिशेब आहेत. कॅमेरे, टीव्ही, पाहुण्यांचे फोन आणि तो नॅस, सगळं एकाच नेटवर्कवर ठेवणं मला पटत नाही. कॅमेऱ्यांचं सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं अद्ययावत होत नाही. एखाद्यात कुणी बाहेरून घुसलं तर त्याला तुमचा नॅस थेट दिसतो. ब्राउझरमधून सेटिंग करता येणारे आठ पोर्टचे स्मार्ट स्विच आकाराने आणि वापरायला साध्या स्विचइतकेच असतात. व्हीलॅन करून (एकाच स्विचवर वेगळी नेटवर्कं पाडून) कॅमेरे एका बाजूला आणि ऑफिस दुसऱ्या बाजूला करा.

शिवाय लूप. अनमॅनेज्ड स्विचमध्ये कुणी चुकून एकाच केबलची दोन्ही टोकं लावली तर सगळं नेटवर्क आडवं होतं.

---

तारकरी

@संगणककक्ष, तुमची काळजी योग्य आहे. हिशेबाचा नॅस आणि कॅमेरा एकमेकांना दिसू नयेत हे मलाही वाटतं. पण व्हीलॅन फक्त स्विचवर करून भागत नाही. वेगळ्या केलेल्या दोन्ही गटांना इंटरनेट हवं असेल, तर राऊटरलाही ८०२.१क्यू (व्हीलॅनचं मानक) कळलं पाहिजे, प्रत्येक गटाला वेगळे पत्ते द्यावे लागतात आणि कुणी कुणाकडे जायचं याचे नियम लिहावे लागतात. इंटरनेट कंपनीने दिलेल्या बऱ्याच राऊटरमध्ये ही सोय नसते. मग लोक अर्धवट व्हीलॅन करून ठेवतात, एक दिवस प्रिंटर दिसेनासा होतो, आणि कोणीतरी रीसेटचं बटण दाबून सगळं पुसतं. सेटिंग करणारा माणूस ऑफिसात नसेल तर मॅनेज्ड स्विच म्हणजे मूळ पासवर्ड तसाच राहिलेला आणखी एक डबा. तो धोका मला कमी वाटत नाही.

पाहुण्यांसाठी राऊटरमधलं गेस्ट वायफाय चालू करणं, ही वेगळेपणाची पहिली पायरी. ते काम आजच होतं आणि त्याला नवीन स्विच लागत नाही.

लूपबद्दल मात्र तुम्ही लिहिलंत ते सगळ्यांनी वाचावं. इथरनेटच्या चौकटीला आयुष्याची मोजणी नसते. आयपीच्या पॅकेटमध्ये दर टप्प्याला एकेक कमी होणारा आकडा असतो, शून्य झाला की पॅकेट टाकून दिलं जातं. चौकटीत तसं काहीच नाही. त्यामुळे गोल वाट मिळाली की सर्वांसाठी निघालेली चौकट फिरतच राहते, तिच्या प्रती होत राहतात आणि क्षणात सगळी बँडविड्थ खाऊन टाकतात. यावरचा स्पॅनिंग ट्रीचा (जादा वाटा आपोआप बंद ठेवण्याचा) उपाय रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना शोधला. साध्या स्विचमध्ये तो नसतो, काहींत फक्त लूप ओळखण्याची सोय असते. ओळखायची खूण सोपी आहे: सगळ्या पोर्टचे दिवे एकदम, एकाच तालात, न थांबता लुकलुकत असतील आणि इंटरनेट बंद असेल, तर पहिल्यांदा मोकळी वाटणारी पॅच कॉर्ड शोधा. एका ऑफिसात टेबल पुसणाऱ्याने लोंबणारं टोक बघून नीटनेटकेपणाने जवळच्या भोकात घातलं होतं. बिचाऱ्याने चांगल्याच हेतूने केलं. म्हणून माझा नियम असा की एका टोकाला लावलेली आणि दुसऱ्या टोकाला मोकळी अशी तार स्विचपाशी ठेवायची नाही.

---

संगणककक्ष

राऊटरचा मुद्दा मान्य. तरी मी स्मार्टच घेतला असता. आज व्हीलॅन केला नाही तरी पुढे राऊटर बदलल्यावर स्विच बदलावा लागत नाही. आणि कुठल्या पोर्टवर किती चुका येतायत हे आकड्यांत दिसतं, केबल खराब आहे की नाही ते अंदाजाने ठरवावं लागत नाही. घेतलात तर पासवर्ड पहिल्या दिवशी बदला.

---

वहीखाते

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. तो भागाकार करून बघितला, खरंच जमतो! आकडा कुठून आला ते कळलं की त्याची भीती जाते.

नॅस आणि प्रिंटर ऑफिसात हलवायचं हे मला सुचलंच नव्हतं. आमच्याकडे सेटिंग करणारं कुणी नाही, त्यामुळे साधाच घ्यावा असं मन होतंय. गेस्ट वायफाय चालू केलं.

कॅमेरे दोन्ही बाहेरच्या दारावर लागतील, म्हणजे राऊटरच्या बाजूला. विक्रेता म्हणतो पीओई स्विच घ्या, एकाच तारेतून वीजही जाते. मग ऑफिसातलाच स्विच पीओईवाला घेऊ का, दोन्ही कामं होतील?

---

तारकरी

नका घेऊ. कॅमेरे बाहेरच्या बाजूला, स्विच आतल्या खोलीत आणि मध्ये तार एकच. पीओई स्विच आत ठेवलात तर कॅमेऱ्यांच्या तारा भिंत ओलांडून आत आणाव्या लागतील. पुन्हा तोच कागद बघा. नॅस, प्रिंटर आत गेले की राऊटरचे दोन पोर्ट मोकळे झाले. कॅमेऱ्यांसाठी असा एनव्हीआर (चित्रण साठवणारा डबा) घ्या ज्याच्या मागेच पीओई पोर्ट असतात. दोन्ही कॅमेरे थेट त्याला, आणि त्याची एक तार राऊटरला. नोंद बाहेरच्या बाहेर होते, ऑफिसच्या स्विचला कॅमेऱ्यांचा पत्ताही लागत नाही. संगणककक्ष यांना हवं तसं पूर्ण वेगळं झालं नाही, पण अशा बहुतेक एनव्हीआरमध्ये कॅमेरे आतल्या वेगळ्या पत्त्यांवर राहतात, आणि एनव्हीआरचा पासवर्ड बदलला की बराच धोका टळतो.

तरीही पीओईबद्दल थोडं माहीत असू द्या, कारण विकताना यात फार धूळफेक होते. तीन पायऱ्या आहेत. ८०२.३एएफ, २००३ चं, पोर्टवर १५.४ वॅट देतं आणि तारेतली गळती जाऊन वस्तूला १२.९५ वॅटची हमी मिळते. ८०२.३एटी, २००९ चं, ३० वॅट. ८०२.३बीटी, २०१८ चं, ९० वॅटपर्यंत. साध्या कॅमेऱ्याला पहिली पायरी पुरते. फिरणारे, रात्री मोठे दिवे लावणारे कॅमेरे आणि दणकट अॅक्सेस पॉइंट दुसरी मागतात.

पण पोर्टचा आकडा वेगळा आणि सगळ्या स्विचचं मिळून वीज-बजेट वेगळं. आठ पीओई पोर्ट आणि एकूण बजेट ६० वॅट असेल, तर आठही पोर्टवर १५.४ देणं त्याला शक्यच नाही. एवढी बेरीज तुम्ही घेण्याआधी करा. दुसरं, कॅमेऱ्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ पीओई स्विचमध्ये पीओई पोर्ट १०० चे असतात आणि गिगाबिट असतात ते फक्त राऊटरकडे जाणारे एक-दोन. कॅमेऱ्याला ते पुरतात, पण तोच स्विच संगणकांना लावला तर फसगत. तिसरं, पॅसिव्ह पीओई लिहिलेली वस्तू दिसली तर सावध व्हा. मानक पीओई आधी समोरच्याला वीज हवी आहे का ते तपासतं आणि मगच देतं. पॅसिव्हवाला न विचारताच वीज सोडतो.

---

वहीखाते

साधा आठ पोर्टचा गिगाबिट, धातूचा, घेतला आणि बसवला. राऊटरच्या लॅन पोर्टातून भिंतीतली केबल, तीन संगणक, प्रिंटर, नॅस. नॅसवरच्या फाइली आता अशा उघडतात की दोघं सहकारी माझ्याकडे बघत राहिले.

पण एक गोष्ट खटकतेय. संगणकांचे आणि नॅसचे दिवे हिरवे आहेत. राऊटरकडच्या पोर्टचा दिवा पिवळा. पुस्तिकेत लिहिलंय पिवळा म्हणजे १० किंवा १००. इंटरनेटचा वेग मोजला तर ९४ च्या वर जात नाही. राऊटरवर त्याचे लॅन पोर्ट गिगाबिट आहेत असं लिहिलंय. स्विच खराब आहे का?

---

तारकरी

स्विच बहुतेक ठीक आहे. ९४ हा आकडा सगळं सांगतो. १०० च्या दुव्यातून चौकटींचा खर्च वजा जाता जे उरतं ते हेच. म्हणजे ती केबल दोन जोड्यांवर चालली आहे.

केबलमध्ये पिळलेल्या चार जोड्या, आठ तारा. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या लागतात, कनेक्टरच्या १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या पिनवर. गिगाबिटला चारही लागतात. बाकीच्या दोन जोड्यांतली एखादी तार तुटली, किंवा क्रिंप करताना (कनेक्टर दाबून बसवताना) पिनपर्यंत पोचलीच नाही, की दोन्ही बाजू निमूटपणे १०० वर उतरतात आणि काम चालू राहतं. ही गोष्ट वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

स्विचवरचा संशय फेडून घ्या. ती तार स्विचच्या दुसऱ्या पोर्टात लावा. तरीही पिवळाच लागला तर लॅपटॉप आणि एखादी चांगली छोटी पॅच कॉर्ड घेऊन थेट राऊटरला जोडा आणि लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये दुव्याचा वेग बघा. तिथे १००० दिसले की दोष भिंतीतल्या तारेचा. मग दोन्ही टोकांचे कनेक्टर डोळ्यासमोर धरा आणि पारदर्शक बाजूने तारा मोजा. आठ दिसतायत का? दोन्हीकडे रंगांचा क्रम एकच आहे का? प्रचलित क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तारांची टोकं पारदर्शक भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत.

---

वहीखाते

दादा, सहाच तारा आहेत! निळा आणि पांढरा-निळा कापून मागे वळवलेत, त्यांना टेप लावलाय. आधी इथे टेलिफोनची लाइन होती, त्या वेळच्या माणसाने याच केबलमधली एक जोडी फोनला वापरली असणार. फोन तर कधीचाच बंद झालाय.

---

तारकरी

मग सापडलं. त्या फोनच्या जोडीला दुसऱ्या टोकाला अजून काही जोडलेलं नाही ना, एवढं बघा आणि दोन्ही टोकं कापून नवीन कनेक्टर क्रिंप करून घ्या. जोड्यांचा पीळ कनेक्टरच्या अगदी जवळपर्यंत राहू द्यायला सांगा, सव्वा सेंटिमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नाही. कॅट ५ई गिगाबिटला १०० मीटरपर्यंत पुरते, तुमची तर एका भिंतीपलीकडची आहे. भिंत फोडायची गरज नाही.

कॅमेऱ्यांच्या वेळी नवी केबल ओढाल ती मात्र शुद्ध तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल सीसीए नावाने मिळते, कॅट ६ छापूनही मिळते. ती मानकात बसत नाही, तिचा रोध जास्त असतो, आणि पीओईची वीज गेली की ती तापते. टोकावर चाकूने हलकेच खरवडा, आतून चंदेरी निघाली तर परत करा. यावर मी अजिबात तडजोड करत नाही. स्विच दहा मिनिटांत बदलता येतो, भिंतीतली तार बदलता येत नाही.

---

रात्रपाळी

यूपीएसचं कुणी बोललं नाही. राऊटर, स्विच आणि नॅस तिन्ही यूपीएसवर हवेत. फक्त संगणक यूपीएसवर आणि स्विच साध्या प्लगवर असेल, तर वीज गेल्यावर नॅसवर उघडी असलेली फाइल तुमच्या हातातून सुटते. आठ पोर्टचा साधा स्विच काही वॅटच खातो, यूपीएसला तो जाणवतही नाही.

---

वरचामजला

याच धाग्यात विचारते. आमचा वर्ग दोन इमारतींत आहे, मध्ये मोकळं अंगण. एका इमारतीत असाच आठ पोर्टचा स्विच आहे. दुसऱ्या इमारतीत दुसरा ठेवून मध्ये केबल टाकली तर चालेल का? स्विचला स्विच जोडलेला चालतो ना? आणि २.५ गिगाबिटचे नवे स्विच दिसतायत, तेच घ्यावेत का?

---

तारकरी

स्विचला स्विच जोडलेला चालतो, १०० मीटरची मर्यादा प्रत्येक तुकड्याला वेगळी. त्यासाठी पूर्वी लागायची तशी उलटी तार (क्रॉसओव्हर) बनवण्याचीही आता गरज नाही, पोर्ट आपोआप जुळवून घेतात. दोन स्विचमध्ये तार मात्र एकच टाका, दोन टाकल्यात की वर लिहिलेला लूप झाला.

२.५ ला हरकत नाही, ते मानक २०१६ पासून आहे आणि कॅट ५ई वर पूर्ण १०० मीटर चालतं. पण फायदा कधी, तर नॅसवर आणि संगणकावर दोन्हीकडे २.५ चे पोर्ट असतील तेव्हाच. तुमच्याकडे ते नसतील तर गिगाबिटच घ्या.

अंगणातून तांब्याची केबल टाकू नका. दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये व्होल्टेजचा फरक असू शकतो, आणि जवळपास वीज पडली की त्या तारेतून येणारा झटका दोन्हीकडचे स्विच आणि त्यांना लागलेली यंत्रं घेऊन जातो. तिथे फायबर टाका. काचेतून वीज जात नाही. एसएफपी नावाची फायबरसाठीची एक खाच असलेले स्विच मिळतात, दोन्ही इमारतींत तसा एकेक घ्या. स्विच आधीच घेतला असेल तर दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (तांब्याची तार आणि फायबर जोडणारा डबा) लावा. फायबर बाहेर टाकायच्या आवरणाची आणि धातूची तार नसलेली मागा, आणि एक जोडी लागणार असली तरी आत चार तंतू असलेली घ्या. एखादा तुटला तर अंगण पुन्हा खणावं लागत नाही.